तारवाच्या दारात अठरा नर

रविवारी सकाळी दहा वाजता थोरलीने सगळ्यांना कामाच्या खोलीत गोळा केलं, तेव्हा तिच्या मते चित्रपटाचं एकच मोठं काम उरलं होतं. बायबलातल्या नोहाचं तारू, म्हणजे प्रलयातून तरायचं जहाज, बांधून झालं होतं. शेजारीपाजारी त्याला हसून झाले होते, त्याची मुलं लाकडं वाहून दमली होती, आभाळ काळंभोर झालं होतं. आता प्राण्यांनी जोडीजोडीने तारवात चढायचं, दार लावायचं आणि पाऊस सोडायचा. पाऊस तिच्या भावाने, धाकट्याने, मागच्याच महिन्यात करून ठेवला होता. त्यापुढचा पूर, कबुतर आणि खिडकीतून दिसणारं इंद्रधनुष्य, तेही घेऊन झालं होतं. बावीस दिवसांनी चित्रपट वाहिनीच्या हाती द्यायचा होता, कारण सुट्ट्यांच्या पहिल्या संध्याकाळी तो दाखवणार असं वाहिनीने जाहीर करून टाकलं होतं.

खोली म्हणजे जुन्या धुलाई कारखान्याचा मोठा हॉल. पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला मधोमध उतार होता, आणि तो कुणी कधी भरून घेतला नाही. त्यामुळे मोठ्या टेबलाच्या दोन पायांखाली साठ वर्षांपासून पाचरी ठोकलेल्या होत्या. खिडक्यांना काळे पडदे, छताला दिवे आणि कॅमेरा लोखंडी चौकटीत असा घट्ट बसवलेला, की त्याला धक्का लागला तर घरात दोन दिवस अबोला. या घरात चित्रपट माणसं करत नाहीत, बाहुली करतात. बाहुलं केसभर हलवायचं आणि फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचं आणि फोटो काढायचा. असे चोवीस फोटो झाले की एक सेकंद होतो. त्यामुळे इथल्या कुणालाही 'एक सेकंद थांब' म्हणायची सोय नव्हती, समोरचा हसत सुटायचा.

"आज फक्त आवाज," थोरली म्हणाली. दिग्दर्शक झाल्यापासून ती घरातही वहीतून बघून बोलायची. "आत्या यादी वाचेल. ती नाव घेईल तसा धाकट्याने प्राणी तारवाच्या दारापुढच्या फळीवर ठेवायचा. म्हणजे कोण किती वेळ घेतो ते मला कळेल. बाबा, तुम्ही बसा. हात टेकवून बसा."

बाबा, म्हणजे मास्तर, हात टेकवून बसणाऱ्यांतले नव्हते. पण तीन आठवड्यांपूर्वी इंद्रधनुष्याचा जांभळा पट्टा रंगवताना ते स्टुलावरून पडले होते, आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. पडण्याआधी प्राणी मात्र सगळे झाले होते. दीड वर्ष ते एकेक प्राणी करत होते. झाला की एकदा सगळ्यांना दाखवायचा, सगळ्यांनी आ वासायचा, मग तो कापडी पिशवीत घालून कपाटात. चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आज पहिल्यांदाच सगळ्या पिशव्या एकदम सुटल्या होत्या.

आत्याने चष्मा नाकावर ओढला आणि माइकसमोर गळा साफ केला. चित्रपटात नोहाच्या बायकोचा आवाज तिचा होता. बायबलात त्या बाईला नाव नाही की वाक्य नाही. मास्तरांच्या सुनेने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, पटकथा लिहिताना तिला चार वाक्यं दिली होती, आणि आत्याने भांडून त्यांची अकरा केली होती. शिवाय प्राण्यांची यादी नोहाऐवजी त्याच्या बायकोने वाचावी, हेही तिनेच ठरवलं होतं. घरात किती पाहुणे आले हे बाईलाच माहीत असतं, असं तिचं म्हणणं. त्या भांडणापासून सून आणि ती एकमेकींशी फक्त मीठ द्या, दार लावा एवढंच बोलत होत्या.

"सिंह आणि सिंहीण," आत्याने खणखणीत आवाजात वाचलं.

धाकट्याने दोन सिंह फळीवर ठेवले. काय सिंह होते ते! एकाची आयाळ वाऱ्यावर उडाल्यासारखी मागे फेकलेली, दुसऱ्याच्या आयाळीत कपाळाजवळ भोवरा. सून टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण माइक चालू होता.

"हत्ती आणि हत्तीण. घोडा आणि घोडी. बैल आणि गाय."

मास्तर खुर्चीत पुढे सरकून बघत होते. आपली बाहुली रांगेत उभी राहिली की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा, आणि तो कुणी बघितला की लगेच आंबट व्हायचा. हरीण आलं, त्याच्या शिंगांना अकरा फाटे होते. एडका आला, बोकड आला, कोंबडा आला.

"मोर आणि लांडोर," आत्या म्हणाली.

धाकट्याने दोन्ही मोर फळीवर ठेवले आणि ते अडकले. दोघांचेही पिसारे पूर्ण फुललेले, तारवाचं दार अरुंद. त्याने एकाला तिरकं केलं, तर दुसऱ्याचा पिसारा नोहाच्या दाढीत शिरला.

आत्याने चष्म्यावरून बघितलं. "लांडोर कुठाय?"

"ही काय," मास्तर म्हणाले आणि डाव्या हाताने मागच्या मोराकडे बोट केलं.

"हिला पिसारा आहे, दादा."

"मग?"

"मग काय मग? लांडोरीला पिसारा असतो होय?"

 आत्या माइक सोडून टेबलापाशी आली. तिने सिंहापासून सुरुवात केली. दोघांना आयाळ. हत्ती उचलले, दोघांना लांबलचक सुळे. हरणं दोन्ही शिंगाळी. कोंबडे दोन, तुरे दोन. एडक्यापाशी तिने वाकून खालून बघितलं, आणि तिथे तर मास्तरांनी काही शंकेला जागाच ठेवली नव्हती.

"अठरा," ती सरळ होत म्हणाली. "अठराच्या अठरा बाप्ये. दादा, अरे तुझ्या तारवातून पुढचं जग कसं काय चालायचं?"

आणि ती हसायला लागली. आत्याचं हसणं म्हणजे आधी खांदे, मग पोट आणि शेवटी आवाज. आवाज येईपर्यंत धाकटा टेबलाखाली बसला होता. सून तोंडावर पदरासारखा पटकथेचा कागद धरून हसत होती. "पहिल्याच पानावर लिहिलंय मी," ती कशीबशी म्हणाली, "नर आणि मादी. जाड अक्षरात. खाली दोन रेघा मारून!"

थोरली हसली नाही. तिने वहीत बघितलं. बावीस दिवस. त्यातले बारा चित्रीकरणाला, पाच जुळवाजुळवीला, दोन वाहिनीच्या दुरुस्त्यांना. नऊ माद्यांना किती दिवस लागतील? मास्तरांना एका प्राण्याला महिना लागायचा, आणि मास्तरांचा हात प्लास्टरमध्ये होता. 

मास्तरांना मात्र वेगळीच गोष्ट छळत होती. दीड वर्षात हा प्रश्न आपल्या मनात एकदाही आला नाही, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांना आयाळ करायला आवडायची. शिंगं, तुरे, पिसारे यांत हात रमायचा. दोन बाहुली कधीही सारखी करायची नाहीत हा त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा दंडक होता. म्हणून प्रत्येक वेळी दुसऱ्या प्राण्याला बसताना 'हा वेगळा कसा दिसेल' एवढाच विचार ते करत, आणि उत्तर म्हणून आयाळीला एक भोवरा घालत. मादी वेगळी दिसते, हे एवढं सोपं उत्तर त्यांना सुचलंच नव्हतं. बरं, हसावं म्हटलं तर हसूही येईना.

"झालं हसून?" ते म्हणाले. "आता बोला काय करायचं ते."

मग सगळे एकदम बोलले.

धाकट्याचं म्हणणं, कात्री आणा. "दुसऱ्या सिंहाची आयाळ कापली की झाली सिंहीण. मोराचा पिसारा उपटायचा, हत्तीचे सुळे काढायचे. दोन दिवसांचं काम."

"माझ्या सिंहाला कात्री लावलीस तर तुझ्या केसांना लावीन," मास्तर म्हणाले.

"बाबा, पण तुमचा सिंह..."

"त्या सिंहाचे खांदे बघ. छाती बघ. आयाळ काढलीस तर ती सिंहीण नाही होणार, टकला सिंह होईल."

हे खरं होतं, त्यामुळे धाकट्याने कात्रीचा विषय सोडला. सुनेने पटकथेतून मार्ग काढला. नोहा म्हणेल, की बायका आधीच आत गेल्या, आता तुम्ही चला. तिचं वाक्य संपायच्या आत आत्या म्हणाली, की म्हणजे स्वयंपाकाला का? त्यावर पुन्हा हशा झाला, आणि हसता हसता सुनेच्या लक्षात आलं की आपल्यालाही ते पटलेलं नाही.

"आणि एक सांगते," ती म्हणाली, "खरं तर काही प्राण्यांच्या सात-सात जोड्या घे असं मूळ गोष्टीत..."

"तू जर सात म्हणालीस ना," तिचा नवरा टेबलाखालूनच ओरडला, "तर मी आत्ता बॅग भरतो."

थोरलीने वही मिटली. "बाबा, तुमचा तो विद्यार्थी. त्याला बोलवू. तो आठवड्याभरात नऊ करून देईल."

"देईल. पण प्लास्टिकचे देईल."

"मग आपल्यातलं कोण आहे?"

हा प्रश्न थोरलीने सहज विचारला होता, उत्तराची अपेक्षा न ठेवता. पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.  चाळीस वर्षं हे घर ते उत्तर आत्याच्या तोंडून ऐकत आलं होतं. अण्णांच्या वेळी मुलगे बाहुल्यांच्या टेबलावर बसायचे आणि मुली कपड्यांच्या. तेव्हापासून आत्या बाहुल्यांचे कपडे शिवत होती. इतके बारीक सदरे, की गुंडी म्हणून मोहरीचा दाणा चालावा. आणि प्रत्येक चित्रपट पूर्ण झाला की ती म्हणायची, मला त्या टेबलावर बसू दिलं असतं तर याहून बरं केलं असतं. राजाचं बाहुलं लाकडासारखं चालतं म्हणायची. परीचे गुडघे दुखतात म्हणायची. घराला त्याची इतकी सवय झाली होती की तिने काही म्हटलं नाही, तर ताप आला की काय म्हणून विचारायचे.

"आत्या आहेत की," सून म्हणाली.

सगळ्यात आधी चमकली ती आत्याच. दोन महिने जी बाई मिठापलीकडे बोलली नाही, ती आपलं नाव घेते आहे.

"आत्याला कपडे येतात गं," थोरली हळूच म्हणाली. ती आत्याची लाडकी होती, लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची, आणि म्हणूनच हे बोलताना तिला स्वतःची लाज वाटली. "पण सांगाडा, स्नायू, चाल... वाहिनी, बावीस दिवस... आत्या, तुला राग नको येऊ दे."

"बेबीला कपडे येतात," मास्तरांनीही मान हलवली. अडुसष्ट वर्षांच्या बहिणीला ते अजून बेबीच म्हणत.

"मग करून बघू देत," सून म्हणाली. "एक सिंहीण. पाच दिवस. जमली तर पुढच्या आठ सगळे मिळून करू आणि एकेक झाली तशी चित्रीकरण करत जाऊ, नाही जमली तर विद्यार्थ्याला फोन. आत्या, बसा तुम्ही टेबलावर."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आता ती लगेच टेबलावर बसणार, चाळीस वर्षांचा हिशोब मांडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"माझा जवळचा चष्मा घरी राहिलाय," आत्या म्हणाली. "आणि चहाचं बघते मी." एवढं बोलून ती निघून गेली.

चहा इस्त्रीच्या खोलीत व्हायचा. कारखान्याच्या काळी तिथे चादरींना इस्त्री होई. अजूनही तिथली भिंत एका उंचीपर्यंत वाफेने पिवळी पडलेली होती. सून मागोमाग आली तेव्हा आत्या रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटवून उभी होती.

"पाणी घाला त्यात," सून म्हणाली.

आत्याने पाणी घातलं. पातेलं चर्रकन ओरडलं.

"चष्मा तुमच्या गळ्यात आहे, आत्या. दोन्ही आहेत."

"कळतंय मला. तू कशाला नाव घेतलंस माझं? अकरा वाक्यांचा सूड उगवतेस होय?"

"सूड उगवायचा असता तर वाक्यं कापली असती. आणि ती अकरा वाक्यं चांगली झालीत, माझ्या चारांपेक्षा चांगली. मला सांगायला जड गेलं, एवढंच."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग ओट्याला टेकून उभी राहिली, आणि एकदम म्हातारी दिसली.

"ऐक," ती म्हणाली. "मी काय चाळीस वर्षं खोटं बोलत नव्हते. मला खरंच वाटायचं, मला जमलं असतं. रोज वाटायचं. झोपताना मनातल्या मनात मी बाहुली करायचे, आणि ती अशी चालायची गं... आता जर बसले आणि ती सिंहीण बोक्यासारखी झाली, तर? मग दादा बरोबर होता, अण्णा बरोबर होते. माझ्याकडे काय राहील? भांडायलासुद्धा काही राहणार नाही."

 सुनेला स्वतःची पहिली पटकथा आठवली, सात वर्षं कपाटात ठेवलेली, कारण कपाटात ती उत्तम होती. तिने हे सांगितलं. आणि कपाटातून काढल्यावर ती उत्तम निघाली नाही, हेही सांगितलं. "भयंकर होती. बाबांनी पन्नास पानांतली अठ्ठेचाळीस काढायला लावली. पण आत्या, त्या दोन पानांवरून दुसरी लिहिली."

"म्हणजे बोका झाला तर?"

"तर मी पटकथेत बोका घालते. बोका आणि मांजर, दहावी जोडी."

आत्याचे खांदे हलले. मग पोट. चहा उतू गेला तरी दोघींचं हसणं थांबलं नाही.

सोमवारी सकाळी आत्या टेबलावर बसली. मास्तरांच्याच खुर्चीवर बसली, कारण दुसरी खुर्ची त्या उतारावर डुगडुगायची. मास्तर समोर स्टुलावर. आपण बघणार नाही, नुसतं इथे बसणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि पहिल्या पाच मिनिटांत तीनदा बोलले.

"आधी लाकूड घे, बेबी. धड कोरायचं. मग लोकर."

"मला लाकूड येत नाही. मला कापड येतं."

"कापडाची सिंहीण? उशी होईल ती."

"दादा, तू बघणार नव्हतास."

तिने तारेचा सांगाडा मात्र त्यांच्याकडूनच करवून घेतला. म्हणजे हात तिचे, तोंड त्यांचं. कुठे तार दुहेरी, कुठे एकेरी, खांद्याचा सांधा कुठे, हे ते सांगत गेले. आणि सांगता सांगता प्लास्टरचा हात विसरून डाव्या हाताने चिमटा धरू लागले. अण्णांनी त्यांना हे शिकवलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि नऊ वर्षांची बेबी कपड्यांच्या टेबलावरून मान उंच करून बघायची. ते दृश्य मास्तरांना आठवलं. तेव्हा ते तिला जीभ काढून दाखवायचे, हेही आठवलं, आणि ते उगाच खोकले.

मग आत्याने गव्हाळ रंगाचं लोकरी कापड पसरलं आणि ते तिरकं कापायला घेतलं.

"सरळ काप की!"

"सरळ कापलं तर ते ताणत नाही. याला उरेब म्हणतात, दादा. तिरकं कापलं की अंगावर सरकतं. झग्याचा घेर कसा पडतो? तसा." तिने खांद्याला, मांडीला आणि पोटाखाली बारीक चुण्या घालून टक्स घेतले, आत लोकर भरली, पण काही ठिकाणी मुद्दाम भरलीच नाही. मास्तरांना ते अर्धवट वाटलं. त्यांनी सांगितलंही. ती म्हणाली, चामडं अंगाला चिकटलेलं नसतं, ते अंगावर घातलेलं असतं.  मास्तर थोरलीजवळ जाऊन म्हणाले, विद्यार्थ्याचा नंबर काढून ठेव. थोरलीने तो रविवारीच काढून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी आत्याने संपूर्ण पाठ उसवली. चौथ्या दिवशी पुन्हा शिवली. या दोन दिवसांत ती कुणाशी भांडली नाही, आणि घर काळजीत पडलं. चौथ्या दिवशी दुपारी तिने दोन काळे मणी डोळ्यांच्या जागी टाचले, धागा दातांनी तोडला आणि सिंहीण धाकट्याच्या हातात दिली.

"बघ बाबा. चालते का."

दिसायला ती साधीच होती. आयाळ नाही, डौल नाही, कान जरा मोठे. सिंहाशेजारी ठेवली तर नजर सिंहावरच जायची. थोरलीच्या मनात आलं, बरी आहे, मागे उभी करू. मास्तरांनी फक्त शिवण तपासली आणि आत्याने ते बघितलं.

पडदे ओढून धाकटा कामाला लागला. फळीवरून सिंह आणि सिंहीण दारापर्यंत चालत जातात, सहा सेकंद. म्हणजे एकशे चव्वेचाळीस वेळा दोघांना केसभर हलवायचं. सिंह त्याच्या ओळखीचा होता. बाबांची बाहुली कशी हलतात हे त्याच्या बोटांना पाठ होतं. पाय उचलायचा, मग खांदा वेगळा दाबायचा, मग मान फिरवायची, कारण लाकडाचं अंग आपणहून काही करत नाही. सिंहिणीचा त्याने पुढचा पाय उचलला, आणि खांदा दाबायला गेला तर खांदा आधीच वर आला होता. कापड सरकलं होतं. पोटाखालची सैल कातडी एका बाजूला झुकली होती. त्याने पाय परत खाली ठेवला, कातडी जागेवर आली. पुन्हा उचलला. मग तो हात मागे घेऊन नुसताच बघत बसला. वीस वर्षं बाहुली हलवतोय, पण आज पहिल्यांदा बाहुल्याने आपल्याला मदत केली, असं तो त्या दिवशी जेवताना बायकोला म्हणाला. कुणाला आत्ताच सांगू नकोस, असंही म्हणाला. बायकोने अर्थातच इस्त्रीच्या खोलीत जाऊन सांगितलं, पण आत्याचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, पोरं समजूत काढतायत.

शनिवारी दुपारी सगळे पडद्यासमोर बसले. थोरलीने विद्यार्थ्याचा नंबर लिहिलेला कागद वहीत घातला होता. आत्या सगळ्यात मागे, दाराजवळ, उठून जाता येईल अशी. धाकट्याने बटण दाबलं.

सहा सेकंद. फळी, काळं आभाळ, सिंह आणि सिंहीण. सिंह रुबाबात मान फिरवत चालला. सिंहीण त्याच्या बाजूने, जरा मागे. तिची पाठ पावलागणिक इकडून तिकडे झुकत होती, खांदे कातडीखाली वर-खाली होत होते. दाराशी ती थबकली आणि आपण सोडून चाललेल्या जमिनीकडे तिने एकदा वळून बघितलं. मग आत गेली.



"परत लाव," मास्तर म्हणाले.

धाकट्याने परत लावलं. "परत," मास्तर म्हणाले. चार वेळा झालं. थोरलीने वहीतला कागद काढून दोनदा दुमडला आणि खिशात कोंबला. तिचे डोळे भरले होते. आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. ती भावाच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होती, कारण आपल्याला काय कळायचं ते तिथूनच कळेल हे तिला माहीत होतं.

"हे परत घ्यावं लागेल," मास्तर म्हणाले.

आत्याचा हात दाराच्या कडीवर गेला.

"का, बाबा?" थोरलीचा आवाज चढला. "काय वाईट आहे तिच्यात?"

"तिच्यात नाही. सिंह बघा किती मान हलवतोय. नुसता मिरवतोय. ती वळून बघते तेव्हा तरी याने गप्प उभं राहायला नको? सगळं लक्ष खातोय. त्याला एका जागी ठेव रे, हलवूच नकोस फारसा. बघायचं तिच्याकडे आहे."

"पण बाबा, तो तुमचा सिंह आहे," धाकटा म्हणाला.

"माहितीये मला कुणाचा आहे ते."

सून आधी ओरडली. मग धाकट्याने थोरलीला उचललं, थोरली वही टाकून आत्याकडे धावली, आणि आत्याच्या गळ्यातले दोन्ही चष्मे एकमेकांत अडकले. माफ कर, माफ कर, असं थोरली तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणत होती आणि आत्या तिच्या पाठीवर थापटत होती, पुरे, नाक पूस, साडी भिजली. या सगळ्या गोंधळात कॅमेऱ्याला धक्का लागला, आणि या घरात पहिल्यांदाच कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

चहा घेऊन सगळे बाहेरच्या पायरीवर गेले. खोलीत भाऊ आणि बहीण राहिले. आत्याने पांढरट तपकिरी कापड काढून टेबलावर पसरलं, लांडोरीसाठी. मास्तर समोर येऊन बसले.

"चांगली झालीये, बेबी," ते म्हणाले. "फार चांगली."

आत्याने खडूने पहिली रेघ मारली. तिला इतका आनंद झाला होता की रेघ वाकडी गेली. ती पुसून तिने दुसरी मारली.

"चाळीस वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर?"

"चाळीस वर्षांपूर्वी अण्णा बसू देत नव्हते तुला."

"अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली, दादा."

 बाहेर धाकटा काहीतरी सांगत होता आणि दोघी हसत होत्या.

"हो," ते म्हणाले. "त्यानंतर मी बसू देत नव्हतो."

आत्याने कात्री खाली ठेवली. तीस वर्षांत तिने हे वाक्य नाना तऱ्हेने मनात बोलून पाहिलं होतं, नेहमी त्याच्या तोंडी घालून, आणि त्यापुढे आपण काय काय ऐकवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आता तिच्या ओठावर येईना. तिने डोळे पुसले, चष्मा बदलला, आणि कापडाचं दुसरं टोक त्याच्या बाजूला सरकवलं.

"डावा हात रिकामा आहे ना तुझा?" ती म्हणाली. "मग धर इथे. घट्ट धर."

मास्तरांनी धरलं, आणि तिने कापायला सुरुवात केली.